यॉर्कशर पुडिंग फुगवायचं कसं?
इंग्लंडमध्ये रविवारच्या रोस्ट बीफसोबत भरपूर ग्रेव्ही ओतून खातात ते यॉर्कशर पुडिंग गोड नसतं. १४० ग्रॅम मैदा, ४ अंडी, २०० मिली दूध आणि चिमूटभर मीठ गुठळ्या न ठेवता फेटा, अर्धा तास झाकून ठेवा. बेकिंग पावडर नको. फुगवते ती वाफच.

१२ खळग्यांच्या मफिन ट्रेमध्ये प्रत्येकी अर्धा चमचा सूर्यफूल तेल घालून ट्रे २३० अंशांच्या ओव्हनमध्ये तापवा. खरी मेख इथेच आहे. तेलातून धूर निघायला हवा, पीठ ओतताच चर्र आवाज यायला हवा. तेल कोमट असलं की पुडिंग तळाला चिकटतं आणि बसकं राहतं. बीफची चरबी मिळाली तर उत्तमच, चव तिचीच खरी.

पीठ ओतलं की ट्रे लगेच पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा आणि २० ते २५ मिनिटं दार उघडू नका. कवच कडक होण्याआधी गार हवा लागली तर फुगलेलं सगळं बसतं.