बीथोवनची पाचवी: जुनं रेकॉर्डिंग निवडायचं कसं

स्ट्रीमिंगवर बीथोवनची पाचवी सिंफनी शोधली की रेकॉर्डिंगांची रांग संपतच नाही आणि नवखा माणूस तिथेच गारद होतो. मग कुणीतरी सांगतं, फुर्टवेंग्लर घे. पण कुठला? ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या या जर्मन कंडक्टरच्या एकट्याच्याच पाचवीची डझनभर रेकॉर्डिंग आहेत, १९२६ पासून १९५४ पर्यंत. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, तारीख आणि ऑर्केस्ट्रा बघा.

तारखेवरून बराच अंदाज येतो. १९२५ च्या आधी माइक नव्हता, वादकांनी आवाज टिपणाऱ्या मोठ्या भोंग्यासमोर दाटीवाटीने बसून वाजवायचं. नंतर माइक आला, पण तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपायची, त्यामुळे सिंफनी तुकड्यातुकड्यांत रेकॉर्ड व्हायची. युद्धाच्या काळात जर्मन रेडिओकडे मात्र मॅग्नेटिक टेप होती, म्हणून फुर्टवेंग्लरची १९४३ ची पाचवी वाटते त्यापेक्षा बरीच स्वच्छ ऐकू येते.

सुरुवात जुन्यापासून करूच नका. आधी कार्लोस क्लायबर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४. आवाज साफ आहे आणि वाजवलंय असं की उठून बसाल. हे चार-पाच वेळा ऐकून कानात बसलं की मग मागे जायचं.

तुलना करताना पूर्ण सिंफनी ऐकत बसायची गरज नाही, मी दोन जागा बघतो. पहिली, पहिल्या मूव्हमेंटमध्ये (सिंफनीच्या चार भागांतला पहिला) सगळा ऑर्केस्ट्रा धावत असताना अचानक थांबतो आणि एकटा ओबो (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) छोटीशी संथ ओळ वाजवतो, ती. तिथे कुणी श्वास घेऊ देतो, कुणी उरकून टाकतो. दुसरी तिसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी, जिथे तंतुवाद्यांनी एक सूर धरून ठेवलेला असतो, खाली टिंपनी (मोठे नगारे) अगदी हळू ठकठक करत राहते, व्हायोलिन चाचपडत वर चढतात आणि मध्ये न थांबता एकदम ट्रॉम्बोनांसकट (पितळी वाद्यं) शेवटचा भाग फुटतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ती ठकठक ऐकू येत नाही म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि पुढच्या क्षणी शेजारी जागे होतात (अनुभव आहे).

याच जागी फुर्टवेंग्लरचं २७ मे १९४७ चं बर्लिनचं रेकॉर्डिंग लावून बघा. युद्धानंतर त्याच्यावर आलेली बंदी उठल्यावर तो त्याच आठवड्यात आपल्या ऑर्केस्ट्रापुढे परत उभा राहिला होता. तो लय ताणतो, सोडतो, आणि शेवटाकडे असा सुटतो की वादक मागे पडतील की काय वाटतं. मग लगेच तोस्कानिनी, एनबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा, १९५२. लय घट्ट, लाड नाहीत. त्याचं १९३९ चंही आहे, जास्त पेटलेलं, पण ते झालं तो स्टुडिओ इतका कोरडा की टिंपनी पत्र्यासारखी वाजते. आणखी एक कंडक्टर क्लेम्परर, त्याला घाई नसते, पण फ्लूट-ओबोवाली मंडळी त्याच्याकडे जेवढी स्पष्ट तेवढी फार कमी जणांकडे. एक सांभाळा, नुसत्या मिनिटांवरून लय ठरवू नका, पहिल्या मूव्हमेंटच्या सुरुवातीच्या भागाची पुनरावृत्ती कुणी घेतो, कुणी गाळतो.

आणि ट्रान्सफर, म्हणजे जुन्या तबकडीवरून किंवा टेपवरून नव्या प्रतीत आवाज उतरवणं! युरोपात १९६३ आधी निघालेल्या रेकॉर्डिंगांचा कॉपीराइट संपलाय, त्यामुळे एकच कॉन्सर्ट पाच लेबलं काढतात आणि पाचही वेगळी वाजतात. मी स्वतः दोन वर्षं एका स्वस्तातल्या सीडीवर फुर्टवेंग्लर ऐकून म्हणत होतो, काय एवढं आहे यात? खरखर घालवायच्या नादात त्यांनी व्हायोलिनची चमकच पुसून टाकली होती. थोडी खरखर असलेली प्रत घ्या, दहा मिनिटांत कान सरावतो.

निकिश या जुन्या कंडक्टरची १९१३ ची बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरची पाचवी अगदी शेवटी. ती भोंग्याच्या काळातली, ऑर्केस्ट्रा पेटीत कोंडल्यासारखा वाटतो. हेडफोन नको, खोलीत स्पीकरवर लावा आणि जरा लांब बसा.