गहू वर्ज्य झाल्यावर घर कसे चालवावे

आमच्या मुलीला सातव्या वर्षी सीलिॲक आजार असल्याचे निश्चित झाले, तेव्हा सांगलीतल्या सगळ्या नातेवाइकांनी आम्हाला एकच धीर दिला की आपल्याकडे ज्वारीची भाकरी रोज होतेच, तेव्हा पोळी बंद केली की झाले. त्यात तथ्य होते, पण अर्धेच. पुढचे सहा महिने तिच्या ताटात पोळीचा तुकडाही आला नाही, आणि तरीही तिचे पोट फुगणे थांबेना, तोंड येणे थांबेना, रक्ताच्या तपासणीतला आकडाही म्हणावा तसा उतरेना. कारण शोधता शोधता आम्ही गिरणीच्या दारात जाऊन पोहोचलो. आमच्या पुढच्या माणसाचे गव्हाचे दळण उतरत होते आणि त्याच चक्कीत, त्याच दगडांमध्ये, पाठोपाठ आमची ज्वारी पडत होती. हा लेख मुख्यतः अशा जागांविषयी आहे, कारण ताटातला गहू कोणालाही दिसतो.

आधी आजार नीट समजून घ्यावा. गहू, जव आणि राय (इंग्रजीत rye, मोहरी नव्हे) या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे सीलिॲक असलेल्या व्यक्तीची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. त्यामुळे लोह, कॅल्शियम, फोलेट अंगी लागत नाही. जुलाब हे सर्वांना माहीत असलेले लक्षण असले तरी ते प्रत्येकात असतेच असे नाही. उंची न वाढणे, लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन न चढणे, वारंवार तोंड येणे, हाडे ठिसूळ होणे एवढ्यावरच आजार वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. यावर औषध नाही, आयुष्यभराचे पथ्य आहे. या पथ्यात ‘एखाद्या घासाने काय होते’ या वाक्याला जागा नाही, कारण रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जात राहिले तरी आतड्याला इजा होते असे दिसून आलेले आहे आणि एका मध्यम पोळीत दोन ग्रॅमच्या वर ग्लूटेन असते. म्हणजे हिशेब पोळीच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागाचा आहे. ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहिण्यासाठी पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते, ते याच कारणाने.

ज्यांच्याकडे अजून निदान झालेले नाही, केवळ शंका आहे, त्यांनी एक चूक कटाक्षाने टाळावी: तपासणीआधी गहू बंद करू नये. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा घेतलेला तुकडा, दोन्ही गहू खाण्यात असतानाच खरे बोलतात. आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातल्या अनेक घरांत भाकरीच मुख्य आणि पोळी सणावारी, त्यामुळे मूल मुळातच गहू थोडा खात असते आणि अहवाल फसवा येऊ शकतो. आठवड्यातून किती वेळा पोळी, बिस्किटे किंवा पाव पोटात जातो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. रक्तातील एकूण आयजीएही (ही तपासणी ज्यावर चालते ते प्रतिपिंड) सोबत मोजले आहे ना, हे विचारावे, कारण ते मुळातच कमी असलेल्या व्यक्तीत पहिली तपासणी निर्दोष दिसते. या तपासण्यांसाठी आता पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत नाही. मिरजेला वैद्यकीय पंढरी उगाच म्हणत नाहीत.

आता गिरण. चक्की पुसून घेतली, पहिली दोन मुठी ज्वारी टाकून ‘धुऊन’ घेतली, सकाळी पहिले दळण आपले लावले, हे सगळे उपाय आम्ही करून पाहिले. दगडांच्या टाक्यांत बसलेले पीठ आणि पीठ उतरते त्या तोंडाला बांधलेले कापड यांमुळे त्यांपैकी कोणताही उपाय पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ज्या गिरणीत ज्वारी-बाजरीची चक्की खरोखरच वेगळी असते तिथेसुद्धा गव्हाच्या पिठाचा धुरळा सगळ्या खोलीत तरंगत असतो. गिरणीवाल्याच्या भुवयांकडे पाहिले तरी हे कळते. परवडत असेल तर पहिला खर्च घरघंटीवर करावा आणि तिच्यात गहू कधीही घालू नये, पाहुण्यांसाठीही नाही. जुनी घरघंटी घेऊ नये. ते शक्य नसेल तर इडली-डोशाच्या मार्गाने जावे, म्हणजे अख्खे तांदूळ आणि डाळी निवडून, धुऊन, भिजवून घरच्या मिक्सरवर वाटाव्यात. दुकानातून धान्य घेतानाही ते पोत्यातले सुटे असेल तर ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. परातीत पसरून, उजेडात बसून, मूठ-मूठ निवडावे. आमच्या सासूबाई हे काम आता सुनेवर सोडत नाहीत, चष्मा लावून स्वतः बसतात आणि सापडलेले गव्हाचे दाणे एका वाटीत साठवून मला दाखवतात.

खपलीविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण कृष्णाकाठी खपली गहू पिकतो, तो पचायला हलका म्हणून नावाजलेला आहे आणि ‘हिला खपली चालेल’ हा सल्ला आम्हाला निदान दहा जणांनी दिला असेल. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लूटेन आहे. मधुमेहाच्या माणसाला त्याचा उपयोग होत असेल-नसेल, तो प्रश्न निराळा. सीलिॲकच्या माणसाला तो चालत नाही. खपलीची खीरही नाही. हेच रवा, दलिया, शेवया, मैदा यांना लागू आहे, आणि उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजत असताना मुले पातेल्याभोवती वाटी घेऊन उभी राहतात, त्यालाही. हुरडा चालतो, ओंब्या चालत नाहीत.

स्वयंपाकघरात सर्वांत घातक वस्तू चाळणी आहे, कारण जाळीत अडकलेले पीठ कितीही घासले तरी पूर्ण निघत नाही. चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे आणि काटवट एवढ्या वस्तू नव्या घ्याव्यात आणि त्यांना वेगळ्या रंगाची दोरी बांधावी. स्टीलची परात आणि पातेली घासून चालतात. तवा वेगळा ठेवावा. तुपाच्या भांड्यात पोळीला लागलेला चमचा परत जातो, लोणच्याच्या बरणीत पोळीचा कण पडतो, म्हणून ही दोन्ही वेगळी काढून ठेवावीत. डब्यातल्या हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले. घटकांची यादी वाचून तांदळाच्या पिठाचे हिंग निवडावे, आणि वर्षाचा कांदा-लसूण मसाला डंकावर न्यायच्या आधी त्यात कोणते हिंग तळून घातले आहे ते पाहावे. मेतकुटात आणि थालिपिठाच्या भाजणीत परंपरेने गहू असतो, सातूच्या पिठात तर असतोच. ही तिन्ही घरी गव्हाशिवाय उत्तम होतात. दुधात घालायच्या अनेक पौष्टिक पावडरींमध्ये जवाचा माल्ट असतो, त्याही बंद कराव्यात.

सगळे घर गहूमुक्त करावे का, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. आजोबांना पोळी हवी होती आणि सत्तरीच्या माणसाला नातीच्या आजारासाठी पोळी सोडायला लावणे मला पटले नाही. म्हणून आठवड्यातले पाच दिवस सर्वांनाच भाकरी आणि दोन दिवस पोळ्या, असे ठरले. पोळ्यांच्या दिवशी मुलीचा स्वयंपाक आधी होतो, झाकून दुसऱ्या खोलीत जातो आणि मगच कणकेचा डबा उघडतो, कारण कोरडी कणीक चाळताना उडते ती ओट्यावर आणि उघड्या भांड्यांत जाऊन बसते.

शाळेच्या डब्यात सकाळची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. ज्वारीत ग्लूटेन नसल्यामुळे तिचे पीठ स्वतःहून चिकटत नाही, म्हणून उकड काढावी. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळावे, त्यात तेवढेच ज्वारीचे पीठ एकदम घालून उलथन्याच्या टोकाने हलवावे, गॅस बंद करून दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि हाताला सोसेल इतके गरम असतानाच तेलाचा हात लावून भरपूर मळावे. या गोळ्याची पोळीसारखी पातळ भाकरी लाटता येते आणि ती दुपारी दीड वाजताही दुमडते. त्याशिवाय घावन, आंबोळी, मुगाची धिरडी आणि पोहे आहेतच. नाचणी आठवड्यातून दोन-तीनदा असावी. तिच्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि या मुलांच्या हाडांना त्याची गरज असते.

सणांचे म्हणाल तर उपवासाचा दिवस आमच्या मुलीला सर्वांत निर्धास्त जेवायला मिळण्याचा दिवस असतो, कारण वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा यांत गहू नाही. फक्त ही पिठे विकतची असतील तर ती कुठे दळली हा प्रश्न उरतोच. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गणपतीला उकडीचे मोदक निर्वेध आहेत. होळी आणि बेंदूर मात्र पुरणपोळीचे. आम्ही तिचे पुरण आधी बाजूला काढून तांदळाच्या उकडीत भरतो, वर तूप घालतो आणि कटाच्या आमटीबरोबर देतो. दिवाळीत तळणीचा क्रम महत्त्वाचा: ताज्या तेलात आधी चकली, अनारसे आणि चिवड्याचे पोहे, त्यांचे डबे बंद झाल्यावर मगच करंज्या आणि शंकरपाळे. सत्यनारायणाचा शिरा तिला वर्षभर नाकारावा लागे. शेवटी आम्ही गुरुजींनाच विचारले, तेव्हा त्यांनी केळी आणि पंचामृताचा प्रसाद तिच्यासाठी वेगळा ठेवायला सांगितले आणि विषय मिटला.

बाहेर बोलताना ‘ग्लूटेन’ हा शब्द वापरू नये. ‘हिला गहू, रवा, मैदा चालत नाही, हात लागलेलाही चालत नाही’ असे सांगितले की आचाऱ्याला समजते. एका लग्नात मसालेभात वाढणाऱ्या मुलाने त्याच हाताने आधी जिलेबी वाढली होती. त्यात त्याचा दोष नाही, पण त्यानंतर आम्ही पंगतीत डबा नेतो आणि वाढप्यांच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन मसालेभात काढून घेतो. महामार्गावरच्या हॉटेलात भाकरी मिळते म्हणून हुरळून जाऊ नये; ती कोणत्या परातीत थापतात हे विचारावे आणि उत्तर ऐकून बहुधा दही-भात मागवावा.

इतर अपचनांची गल्लत टाळावी. निदान होते तेव्हा आतडे सोललेल्या अवस्थेत असल्याने दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज काही काळ कमी पडते आणि दूध बाधते. त्या काळात दही, ताक सोसेल तेवढे द्यावे आणि आतडे भरून आल्यावर दूध थोडे-थोडे पुन्हा सुरू करून पाहावे. साताऱ्याचे कंदी पेढे आमच्याकडे साधारण आठ महिन्यांनी परतले. गव्हाची ॲलर्जी हा निराळा आजार आहे, तिच्यात काही मिनिटांत पित्त उठणे किंवा दम लागणे असे होते आणि ती तातडीची बाब असते. काहींना गव्हातल्या, कांद्यातल्या आणि लसणातल्या विशिष्ट कर्बोदकांनी पोट फुगते, त्यांना सीलिॲक नसतो. एकाच वेळी दूध, कांदा, डाळी सगळे बंद केले तर नेमके काय बाधत होते ते कधीच कळत नाही, आणि मूल उपाशी राहते.

पथ्य सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दर वर्षी टीटीजी तपासावे. सोबत हिमोग्लोबिन, ‘ड’ जीवनसत्त्व आणि मुलांमध्ये उंची-वजनाची नोंद ठेवावी. गिरण सुटल्यावर आमच्या मुलीचा आकडा पुढच्या तपासणीत झपाट्याने उतरला आणि त्या वर्षी तिचा गणवेश दोनदा शिवावा लागला. आईवडील आणि सख्खी भावंडे यांच्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहांत एक इतकी असते, म्हणून त्यांना काही त्रास नसला तरी त्यांची तपासणी करावी. आमच्या धाकट्याचा पहिला अहवाल निर्दोष आला आहे. पुढची तपासणी डॉक्टरांनी दोन वर्षांनी ठेवली आहे, आणि तोवर त्याची आजोबांबरोबरची पोळी मुद्दाम चालू ठेवायला सांगितले आहे.