दुर्बिणीत पांढुरका पडदा दिसतोय? या चुका टाळा

थंडी पडली, पाणवठ्यांवर बदकं उतरली की ठरलेला प्रश्न येतो: "दुर्बिणीतून सगळं धुरकट दिसतं, नवी घेऊ का?" थांबा. बहुतेक वेळा दुर्बीण ठणठणीत असते. सूर्य, पाण्यावरची चमक, पांढरं आभाळ असा चौकटीबाहेरचा उजेड भिंगातून तिरका आत शिरतो आणि नळीच्या भिंतीवर, प्रिझमच्या कडांवर आपटत डोळ्यापर्यंत पोचतो. मग काळ्याचा राखाडी होतो, आणि कधीकधी चित्राच्या खालच्या बाजूला पांढरी कोर उमटते.

आयकप (डोळ्याकडच्या भिंगांभोवतीच्या, फिरवून वर-खाली होणाऱ्या रबरी कडा) खाली दाबलेले ठेवणं. माझा सगळ्यात नावडता प्रकार. भिगवणजवळ कुंभारगावला उजनी धरणाच्या फुगवट्यात सकाळी होडीतून निघालो होतो. सोबत एक तरुण, गळ्यात महागडी १०×४२ (दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) दुर्बीण. "या रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) रंगच दिसत नाही," ही त्याची तक्रार अख्ख्या होडीने ऐकली. आधीची दुर्बीण याच कारणासाठी विकून ही घेतलेली. पाहिलं तर चष्मा नाही, आणि आयकप खोक्यातून निघाले तसे तळाशी! डोळा आणि भिंग यांच्यामधल्या फटीतून बाजूचं ऊन थेट आत येत होतं. आयकप फिरवून वर काढले, तरी थोडी कोर राहिली, कारण आम्ही सूर्याकडेच तोंड करून बसलो होतो. नावाड्याला सांगून थव्यापासून लांबूनच होडी हळूहळू वळसा घालून नेली. ऊन पाठीवर आलं तेव्हा मघाशी नुसत्या काळपट आकृत्या वाटणारी बदकं हळदी-कुंकू जातीची निघाली. चोचीच्या टोकाची हळद आणि बुडाशी असलेलं कुंकू, दोन्ही लख्ख. पोरगा म्हणाला, "म्हणजे आधीचीही चांगलीच होती?" मी रोहित बघत राहिलो.

चष्मा नसेल तर आयकप वर, चष्मा असेल तर खाली. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, पण ते वाचायला कुणाला वेळ आहे!

सूर्यासमोर उभं राहून भिंगाला दोष देणं. जागा बदला. झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभे राहा. तेही जमत नसेल तर टोपी किंवा तळहात पुढच्या भिंगांच्या वर आडवा धरा. मी अजूनही हेच करतो, फुकट आहे. सूर्य मात्र चुकूनही दुर्बिणीच्या टप्प्यात येऊ देऊ नका, डोळा कायमचा जाईल.

दोन नळ्यांमधलं अंतर न जुळवणं. ८×४२ दुर्बिणीतून बाहेर पडणारं उजेडाचं वर्तुळ ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचं असतं. भर उन्हात आपली बाहुली असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. ती वर्तुळाच्या मधोमध असली तर काठावरचा भरकटलेला उजेड बाहेरच राहतो. सरकली की आत येतो. बिजागरी हलवून दोन्ही डोळ्यांना मिळून एकच गोल दिसेपर्यंत नळ्या जुळवा. तरीही कोर दिसली तर दुर्बीण डोळ्यांवर केसभर वर-खाली सरकवा.

टी-शर्टने भिंग पुसणं. धुळीचे कण कोटिंगवर, म्हणजे भिंगावरच्या पातळ लेपावर, घासले जातात आणि ओरखडे कायमचे राहतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी भिंगाचं कापड. बोटाचा तेलकट ठसासुद्धा उन्हात चित्र फिकट करतो.

लालभडक भिंगांना भुलणं. ती दिसतात झकास, पण लाल उजेड परत फेकतात आणि पक्षी हिरवट दाखवतात. घेऊ नका.

दुपारी चित्रात दिसणारी थरथर म्हणजे हाच धुरकटपणा समजणं. ती तापलेली हवा आहे. घरी जा, जेवा.

खरंच दुर्बिणीत खोट असेल तर ती अशी कळते. पुढची भिंगं उजळ आभाळाकडे (सूर्याकडे नाही) करा आणि आयपीसपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) वीतभर लांबून बघा. छोटं पांढरं वर्तुळ दिसेल. त्याच्याभोवती काळोख हवा. लगतच चमकत्या चकत्या, चंद्रकोरी किंवा कडी दिसल्या तर त्या दुर्बिणीत उजेड भरकटतोच. विकत घेताना दुकानातल्या दिव्याखाली नाही, दाराबाहेर येऊन हे तपासा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

कोकणात राहत असाल तर पावसाळ्यानंतर पुढून टॉर्च मारून आत बुरशीची जाळी धरली नाही ना, तेही पाहा. धरली असेल तर दुरुस्तीवाल्याकडेच द्या. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरी उघडलेल्या दुर्बिणीत प्रिझम जागचे हलले की एका पक्ष्याचे दोन दिसू लागतात.