वढवाणा तलावावर फोटो धूसर येत होते : माझा अनुभव

थंडीत पहाटे बडोद्याहून डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गाडीतून पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) टिपताना ४०० मिमी लेन्सचे फोटो वितळल्यासारखे येत. शटर १/२००० सेकंद इतकं वेगवान असूनही. खूण अशी, की सलग फ्रेम्समध्ये एखादीच लख्ख.

फिल्टर काढला, फोकस कॅलिब्रेट केला, बीनबॅग (लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी) बदलली. काही उपयोग नाही. डोकं उठलं नुसतं!

खरं कारण वेगळंच होतं : गाडीतली उबदार हवा खिडकीतून गार हवेत मिसळते आणि लेन्ससमोरच थरथरते. म्हणून पोचताच इंजिन, हीटर बंद. चारही काचा पूर्ण खाली. मग लेन्सचा हूड, म्हणजे पुढची नळीसारखी झडप, काढायचा (त्यातही ऊब अडकते) आणि कॅमेरा वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेत गार होऊ द्यायचा. त्यानंतरच बीनबॅगवर, लेन्सचं तोंड खिडकीबाहेर. तापलेल्या बॉनेटवरून नेम धरू नका. ऊन चढल्यावर लांबचे पक्षी सोडा, जवळचेच घ्या.