तसबिरींची भिंत सजवताय? खिळा ठोकण्याआधी या चुका टाळा

रंगकाम उरकतं, भिंती कोऱ्या करकरीत दिसायला लागतात आणि माळ्यावरचं खोकं खाली उतरतं. आजी-आजोबांचा कृष्णधवल फोटो, लग्नातला, मुंजीतला, कोकणातल्या घराच्या पायरीवर सगळी भावंडं बसलेली असतानाचा. सगळ्या फ्रेम एका भिंतीवर नीट ओळीत लावायचं ठरतं. संध्याकाळी बघावं तर सोफ्यावर भुकटीचा थर असतो, भिंतीला नको तिथे चार भोकं पडलेली असतात आणि शेवटची फ्रेम पहिलीपेक्षा बोटभर खाली असते.

माझ्या घरात आणि नात्यातल्या चार-पाच घरांत मी हे काम केलंय. बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: आपण फ्रेम एकेक करून लावत जातो. पहिली लावली, तिच्यावरून दुसरीचा अंदाज, दुसरीवरून तिसरीचा. दरवेळी ३ मिलिमीटर चुकलं तरी पाचवी फ्रेम १२ मिलिमीटर सरकलेली असते, आणि तेवढं कुणाच्याही डोळ्याला खुपतं. सगळ्या फ्रेम मिळून भिंतीवर एकच मोठं चित्र होतं. माप त्या एका चित्राचं काढायचं आणि फ्रेम त्याच्या आत बसवायच्या.

फार उंच लावणं

ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि तिला कारण होतं. वाड्यांमध्ये तसबिरी तुळईच्या खाली, पुढे झुकवून टांगलेल्या असायच्या. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत पोचल्या आणि अशाच टांगल्या गेल्या. माणसं जाजमावर, चटईवर बसायची. खालून वर बघणाऱ्याला ती झुकलेली तसबीर बरोबर समोर यायची.

आता आपण फ्रेम भिंतीला सपाट चिकटवून लावतो, पण उंची मात्र तीच ठेवतो. मग आजोबांच्या चेहऱ्याऐवजी काचेवरचा ट्यूबलाइट दिसतो. बऱ्याच संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. घरात तेच माप धरा, आणि जिथे बसूनच बघणं होतं तिथे पाच-दहा सेंटिमीटर खाली या. हा मध्य सगळ्या फ्रेमच्या मिळून होणाऱ्या चौकोनाचा असतो. वरच्या ओळीचा मध्य १४५ वर घेऊन दुसरी ओळ खाली लटकवली की सोफ्यावर बसणाऱ्याचं डोकं फ्रेमला लागतं.

‘सगळ्या फ्रेम सारख्याच आहेत’ असं समजणं

ही चूक सगळ्यात जास्त भोकं पाडायला लावते. एकाच दुकानातून, एकाच मापाच्या सहा फ्रेम करून आणल्या तरी मागचे हुक हाताने ठोकलेले असतात. एकाचा हुक वरच्या कडेपासून ३ सेंटिमीटरवर, दुसऱ्याचा साडेतीनवर. खिळे अगदी एका रेषेत मारले तरी फ्रेम वरखाली दिसणारच.

प्रत्येक फ्रेम उलटी करा. मागे तार असेल तर ती जिथे खिळ्यावर बसणार तिथे बोटाने वर ताणून धरा आणि तिथपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते पेन्सिलने मागच्या हार्डबोर्डवरच लिहा, शेजारी फ्रेमचा नंबर टाका.

समजा ३० सेंटिमीटर उंचीच्या फ्रेम दोन ओळींत लावायच्या आहेत आणि मध्ये ५ सेंटिमीटर फट हवी. एकूण उंची ६५. मध्य १४५ वर ठेवला की वरची कड १७७.५ वर येते, खालच्या ओळीची वरची कड १४२.५ वर. एखाद्या फ्रेमचं ताणलेल्या तारेचं अंतर ४ असेल, तर तिचा खिळा वरच्या ओळीत १७३.५ वर आणि खालच्या ओळीत १३८.५ वर. शेजारच्या फ्रेमचं अंतर साडेचार असेल तर तिचा खिळा अर्धा सेंटिमीटर खाली. खिळ्यांची रेषा वाकडी दिसेल, दिसू द्या. फ्रेमची रेषा सरळ येईल.

रुंदीचंही तसंच. सहा फुटी सोफा म्हणजे साधारण १८३ सेंटिमीटर. त्यावर ३० रुंदीच्या तीन फ्रेम आणि ५ च्या दोन फटी मिळून १०० सेंटिमीटर होतात. उरलेल्या ८३ चे दोन भाग करा, सोफ्याच्या कडेपासून ४१.५ वर पहिली फ्रेम सुरू होते. सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश भाग व्यापला की मांडणी भरलेली वाटते, म्हणजे इथे १२० पर्यंत जायला वाव आहे. रुंद सोफ्यावर एकटीदुकटी छोटी फ्रेम मात्र हरवून जाते.

कागदावर न करता थेट भिंतीवर करणं

शाळेच्या वह्यांना घालतो तो खाकी कागद आणा. प्रत्येक फ्रेमच्या मापाचा तुकडा कापा, त्यावर नंबर आणि खिळ्याची जागा फुलीने दाखवा, आणि मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा. वर्तमानपत्र वापरू नका, नव्या रंगावर शाई उठते. फटीसाठी पुठ्ठ्याची ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापून घ्या आणि दर दोन कागदांमध्ये ती धरा. टेपमाप दरवेळी थोडं वेगळं धरलं जातं, पुठ्ठा बदलत नाही. एक रात्र ते कागद तसेच राहू द्या. सकाळी चहा घेताना बघितलं की काय खटकतंय ते घरातला प्रत्येक जण सांगतो.

फ्रेम वेगवेगळ्या मापांच्या असतील तर आधी जमिनीवर चादर पसरून त्यावर मांडा आणि स्टुलावर उभं राहून मोबाइलने फोटो घ्या. सगळ्यात जड किंवा गडद फ्रेम मधोमध किंवा जरा खाली ठेवा.

एक गोष्ट आवर्जून सांगते. दिवंगतांच्या फोटोला आपण हार घालतो, तो चंदनाचा असला तरी फ्रेमच्या खाली लोंबतो आणि खालच्या फोटोतल्या माणसाचा चेहरा झाकतो. ताज्या फुलांचं पाणी ओघळून भिंतीवर डाग पडतात ते वेगळंच. हार घालायचाच असेल तर तो फोटो ओळींच्या चौकोनात कोंबू नका. त्याला स्वतंत्र जागा द्या, तो मान त्याचा आहेच.

फक्त पाणसळीवर विसंबणं

पाणसळ, म्हणजे बुडबुड्याचं स्पिरिट लेव्हल, हवीच. पण फ्रेमची वरची कड बीमच्या किंवा दाराच्या चौकटीच्या वितभर अंतरात असेल तर डोळा बुडबुड्याकडे बघत नाही, त्या बीमशी तुलना करतो. बीम किंचित उतरता असेल तर अचूक सरळ लावलेली ओळ वाकडी वाटते. अशा वेळी मी बीमला समांतर लावते. पाणसळ नाराज होते, घरातली माणसं होत नाहीत. जमिनीवरून मोजून दोन टोकांना खुणा केल्या असतील तर मात्र त्या पुन्हा तपासा. फरशीला उतार असू शकतो. लांब भिंतीवर गवंड्यांची पद्धत उत्तम: पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि दोन टोकांना दोघांनी धरायची. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते, तिथे खूण करा.

भिंत न ओळखता ड्रिल चालवणं

पहिल्या भोकातून पडणारी भुकटी बघा. सुरुवातीला प्लास्टरची येईल, त्यानंतरची महत्त्वाची. तांबडी आली तर विटा. करडी आली आणि ड्रिल जोर लावूनही हळू जात असेल तर काँक्रीट, तिथे ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, चालू ठेवावा लागतो. ‘टण्ण’ आवाज येऊन ड्रिल अडकलं तर समोर सळई आहे, हट्ट न करता दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरका. फिकट भुकटी भसाभस आली तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक आहेत. तिथे हॅमर बंद करून नुसतं फिरवत भोक पाडा, नाहीतर भोक आतून रुंदावतं.

आतल्या प्लास्टरची जाडी साधारण सव्वा सेंटिमीटर असते. इंचभराचा खिळा ठोकला की त्याचा निम्मा भाग प्लास्टरलाच धरून असतो, आणि जड फ्रेम एक दिवस प्लास्टरच्या पोपड्यासकट खाली येते. ६ मिलिमीटरचं भोक, साडेतीन-चार सेंटिमीटर खोल, आत प्लग आणि मग स्क्रू, हे विटांच्या भिंतीत घरगुती फ्रेमला पुरतं. भोकाखाली जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट उघडं करून टेपने चिकटवा, भुकटी त्यात पडते. डोळ्यांना चष्मा असू द्या.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली कधीच भोक पाडू नका, आतल्या वायरी बहुधा तशाच उभ्या गेलेल्या असतात. पलीकडे बाथरूम असेल ती भिंतही टाळा. नळाच्या ओळी नेमक्या कुठून गेल्यात ते प्लंबरला विचारल्याशिवाय तिथे हात लावू नये.

चिकट पट्ट्यांवर हलक्या फ्रेम राहतात, पण डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर त्या रंगासकट सुटून येतात. ताज्या रंगावर तर निदान आठवडाभर लावू नका. पलंगाच्या उशाला पट्टीवर काचेची फ्रेम लावायलाच माझा विरोध आहे.

लावून झाल्यावर काही बिघडलं तर

प्लग भोकात गोल फिरतोय: काढून टाका, भुकटी फुंकून साफ करा आणि ८ मिलिमीटरचा लांब प्लग घाला. सिपोरेक्ससाठी वेगळे प्लग मिळतात, तेच मागा. माचिसच्या काड्या ठोकून भागवू नका, त्या वाळल्या की पुन्हा सैल होतात.

फ्रेम सारखी तिरकी होते: एका हुकाऐवजी दोन हुक लावा, दोघांत फ्रेमच्या रुंदीच्या निम्मं अंतर ठेवा. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या छोट्या टिकल्या चिकटवा. फ्रेम घसरत नाही आणि मागून हवाही खेळते.

पावसाळ्यात आतून काच धूसर होते: ती भिंत ओली आहे का ते आधी बघा. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं तर ओल भिंतीतून येते आहे, आणि ती थांबेपर्यंत तिथे फोटो नको.

याच ओलीने माझ्या आत्याच्या घरातला एक फोटो गेला. आजी नऊवारीत, खुर्चीत बसलेली, एकुलता एक. मध्ये माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, न घालता काच थेट फोटोवर दाबून बसवली होती. फोटोच्या पृष्ठभागावरचं जिलेटिन दमटपणाने फुगून काचेला चिकटलं, आणि फ्रेम बदलताना कुणीतरी तो ओढला. आजीचा हात आणि पदराचा काठ काचेवरच राहिला.

म्हणून फ्रेम करायला देताना फोटो आणि काचेमध्ये माउंट असलाच पाहिजे असं सांगा. शक्यतो मूळ फोटो कपाटात ठेवून भिंतीवर त्याची प्रत लावा, उन्हात येणाऱ्या भिंतीवर तर हटकून. आणि जुना फोटो काचेला आधीच चिकटला असेल तर तो ओढू नका, पाणी लावू नका, केस सुकवायच्या यंत्राची गरम हवाही नको. काचेसकट तसाच नीट पुसून स्कॅन करून घ्या.