जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताय? गिअरबॉक्सच्या तेलाचं आधी विचारा

न्यू जर्सीत नवीन आलेल्यांचं पहिल्या दोन-तीन महिन्यांचं ठरलेलं असतं, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), बँक, लायसन्स आणि मग भारतात परत चाललेला कुणीतरी आपलाच माणूस गाठून त्याची जुनी कॅमरी नाहीतर अकॉर्ड घ्यायची. इंजिन ऑइल कधी बदललं ते सगळे विचारतात, टायरला लाथ मारून बघतात (त्यातून काय कळतं देव जाणे), पण ट्रान्समिशन फ्लुइडचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचं, कुणी विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं. पुण्यात आयुष्यभर क्लच दाबलेला, गिअरबॉक्समध्ये तेल असतं आणि ते खराब होतं हे डोक्यातच नव्हतं.

ऑटोमॅटिकमधलं तेल नुसतं वंगण नाहीये. टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा तेलाने भरलेला भाग) इंजिनची ताकद तेच पुढे नेतं, आतले क्लच त्याच्याच प्रेशरवर दाबले जातात आणि उष्णताही तेच वाहून नेतं. ते थकलं की गिअर बदलताना धक्का बसतो, किंवा डी (ड्राइव्ह) मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करत बसते. तिथपर्यंत येऊ देऊ नका, जुन्या गाडीचा गिअरबॉक्स गेला की दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीलाच भिडतो.

आता 'लाइफटाइम फ्लुइड' प्रकरण. विकणारा म्हणेल याचं तेल बदलावंच लागत नाही. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षांनी तेल बदला म्हणते, म्हणजे साधारण ५० ते ७५ हजार मैल, मग बाकीचं तुम्हीच समजा. शिवाय मॅन्युअलमध्ये 'सिव्हिअर', म्हणजे जास्त ताणाच्या, वापराचा वेगळा तक्ता असतो तो वाचा. त्यात छोट्या छोट्या फेऱ्या आणि सतत थांबत चालवणं हे पण येतं, आणि संध्याकाळचा एडिसनचा रूट वन दुसरं काय आहे? होंडावाल्यांचं सोपं आहे, डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह आणि 'बी३' किंवा 'ए३' असं आलं की त्यातला ३ म्हणजे ट्रान्समिशन फ्लुइड. मी तो ३ बघून तीन महिने गाडी चालवली, मला वाटलं तिसरी सर्व्हिस.

तेल तपासायचं तर आधी डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) आहे का बघा. असेल तर गाडी गरम करून सपाट जागी लावायची, पी (पार्क) मध्ये टाकायची, बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात, पण जुन्या होंडात इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत मोजायचं असतं, तेव्हा मॅन्युअल बघूनच. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब पुसा. लालसर असेल तर ठीक, काळपट तपकिरी आणि करपल्याचा वास येत असेल तर गाडी घेण्याआधी विचार करा. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट गेलंय, तिथून सरळ निघा. नवीन टोयोटांमध्ये डिपस्टिकच नसते, लिफ्टवर सरळ ठेवून तेल ठराविक तापमानाला, ४० अंश सेल्सियसच्या आसपास, आणून खालच्या प्लगमधून जास्तीचं वाहू देऊन लेव्हल ठरवतात. ते मेकॅनिककडूनच करून घ्या.

तेल कुठलं? मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. बऱ्याच होंडांना डीडब्ल्यू-वन, बऱ्याच टोयोटांना डब्ल्यूएस, आणि गाडी सीव्हीटी (ठराविक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर तिचं तेल पूर्ण वेगळं, साधं एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) त्यात चालत नाही. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं छापलेली बाटली स्वस्त दिसली तरी मी घेत नाही.

एकदा एका झटपट ऑइल बदलणाऱ्या दुकानात गेलो तर पोऱ्याने पांढऱ्या कागदावर दोन थेंब आणून दाखवले, एक लालभडक, एक तपकिरी, म्हणाला दुसरा तुमचा, मशीनने फ्लश करा, २०० डॉलर. घाबरून हो म्हणणार होतो, तेवढ्यात विचारलं तेल कुठलं घालणार, तर सगळ्या गाड्यांसाठी एकच असलेल्या ड्रमकडे बोट. परत आलो. फ्लश नको, ड्रेन अँड फिल सांगा, म्हणजे खालचा प्लग उघडून निघेल तेवढं तेल काढायचं आणि तेवढंच नवीन भरायचं. एका वेळी जेमतेम ४० टक्के तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, पण मध्ये थोडे मैल चालवून तीनदा केलं की पाऊण भागाच्या वर नवीन होतं. डीलर म्हणाला बाहेर सर्व्हिस केली तर वॉरंटी जाईल, तर नुसत्या तेवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, मॅग्नुसन-मॉस हा १९७५ चा फेडरल कायदा त्यासाठीच आहे, फक्त पावत्या जपून ठेवा.

स्वतः करणार असाल तर अपार्टमेंटचं लीज बघा, बऱ्याच ठिकाणी पार्किंगमध्ये गाडीचं काम चालत नाही. मी मित्राच्या ड्राइव्हवेत करतो. भरायचा बोल्ट आधी उघडा, तो गंजून अडकलेला असला आणि खालचं तेल काढून बसलात तर गाडी टो करावी लागेल. माझ्या अकॉर्डच्या ड्रेन प्लगला चौकोनी खाच आहे, ३/८ इंची रॅचेट थेट बसतो, टोकाला चुंबक आहे आणि त्यावर काजळासारखा बारीक लेप जमतो, तो पुसायचा. लेप असणारच, धातूचे तुकडे दिसले तर काळजी. वॉशर नवीन टाका, निघालेलं तेल मापून तेवढंच भरा. जुनं तेल नवीन तेलाच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरून ऑटोझोनला (गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान) द्या, फुकट घेतात. आणि रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा, सकाळी त्यावर लाल डाग दिसला तर प्लग नीट बसलेला नाही.