गोठ्यासाठी घरचं हिरवंगार गवत

नाताळच्या गोठ्यात, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यात, घातलेलं कापलेलं गवत दोन दिवसांत सुकतं आणि प्लॅस्टिकचं डोळ्यांना खुपतं. आमच्या वसईच्या घरी आजी फुटक्या बशांमध्ये नाचणी पेरायची. रोज सकाळी किती वर आली ते पाहायला आम्ही भावंडं धावायचो. माझ्यासाठी नाताळ तिथेच सुरू व्हायचा, आणि अजूनही तसाच होतो.

१. १३ डिसेंबरला रात्री मूठभर नाचणी भिजत घाला. वाण्याकडची साधी चालते, पण सालासकट हवी.

२. सकाळी पाणी काढून उथळ ताटलीत बोटाच्या पेराएवढी माती किंवा कोकोपीट पसरा आणि त्यावर नाचणी दाट पेरा. दाणे एकमेकांना टेकले तरी चालतील, विरळ पेरलं तर गवत टक्कल पडल्यासारखं दिसतं. वरून मातीचा पातळ थर द्या.

३. ओलं फडकं झाका. मोड दिसले की काढा आणि ताटली खिडकीत उजेडात ठेवा.

पाणी ओतू नका, हाताने शिंपडा. ताटलीत साचलं की बुरशी येते, आणि तेव्हा पुन्हा पेरायला वेळ उरत नाही.

२४ तारखेला संध्याकाळी ताटल्या गोठ्यात मांडा, कडा गवताच्या काड्यांनी झाका. रोज थोडं पाणी मिळालं तर ६ जानेवारीच्या सणाला बाळ येशूला भेटायला तीन राजे येईपर्यंत गवत टिकतं. पेरायचं काम मात्र घरातल्या लहानग्यांच्या हातूनच करून घ्या.